वैजनाथरावांचं कलम सव्वीस

वैजनाथराव निवृत्त झाले त्या दिवशी भांडारातल्या फलकावरची त्यांची शेवटची सूचना नव्या कारकुनानं सोलून काढली, तर तिच्याखाली आधीच्या अकरा सूचना निघाल्या. एकीवर एक, खळीनं घट्ट बसवलेल्या. त्यातली एकही कुणाला ओळखीची वाटली नाही.

भिंगारमधल्या एका लष्करी आस्थापनेत बँडच्या भांडारावर त्यांनी नागरी कारकून म्हणून चौतीस वर्षं काढली. वाद्यं द्यायची, वाद्यं परत घ्यायची, वाजवणाऱ्यांसाठी स्वरलिपीच्या प्रती काढायच्या, ही नेमून दिलेली कामं. सूचना लिहायचं काम त्यांनी आपलं आपण लावून घेतलं होतं. 'मोठ्या ड्रमवर डबा ठेवून जेवू नये.' 'ट्रंपेटचा उपयोग पाणी पिण्यासाठी करू नये.' प्रत्येक सूचनेमागं एक घडलेला प्रसंग होता आणि प्रत्येक सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असायची, म्हणजे ती तीन भाषांत न वाचली जायची. एकदा चिडून त्यांनी एका लांबलचक सूचनेच्या मधोमध लिहिलं, 'ही ओळ वाचणाऱ्याने भांडारातून अर्धा किलो पेढे घेऊन जावेत.' दर शनिवारी ते पेढे आणून ठेवायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे. चार महिने कुणी आलं नाही. त्यांच्या पत्नी मालनबाईंना त्या वर्षी गोडाचा इतका वीट आला की दिवाळीत त्यांनी नुसता चिवडा केला.

आता निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. फलक नव्हता, खळ नव्हती, आणि घरात सूचना लावायची सोय नव्हती. फ्रिजवर एक लावून पाहिली, तर मालनबाई म्हणाल्या, "वाचली की म्या. वाचल्याबिगर मोडायची कशी?"

मुलगी धनश्री पुण्याच्या एका कंपनीचं काम आठ महिन्यांपासून घरूनच करत होती, पुढच्या खोलीतल्या टेबलावर. कंपनीनं एक साधन तयार केलं होतं. त्याला सूर सांगितले की ते कॉर्डचं नाव सांगायचं. कॉर्ड म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर. कुठले सूर एकत्र आले की त्या जोडणीला काय म्हणायचं, हे ठरलेलं असतं. पण हे साधन माणसं थेट वापरणार नव्हती. बँजो पार्टीवाला किंवा भजनी मंडळाचा पेटीवाला मोबाईलवर प्रश्न विचारणार, तो प्रश्न एक एआय एजंट ऐकणार, म्हणजे सांगितलेलं काम परस्पर उरकून आणणारा प्रोग्रॅम, आणि त्यानं साधनाकडं जाऊन उत्तर आणायचं. त्यानं कधी जायचं, जाताना काय न्यायचं, येताना काय आणायचं, हे सगळं त्याच्यासाठी मराठीत लिहायचं काम धनश्रीकडं होतं. थोडक्यात, ती यंत्राला वाचायच्या सूचना लिहीत होती.

आणि यंत्र तिला जुमानत नव्हतं. सूर सांगून कॉर्ड विचारली की साधनाकडं न जाता मनानंच काहीतरी ठोकून द्यायचं, आणि ते इतक्या आत्मविश्वासानं की ऐकणाऱ्यालाच आपण चुकलो असं वाटावं. शेवटी तिचा साहेब ओम यानं सोमवारी सांगितलं: शुक्रवारी अकरा वाजता चाचणी. दहा प्रश्न, आठ बरोबर यायला हवेत. नाही आले तर हे काम बंगळुरूच्या टीमकडं जाईल आणि धनश्रीचा करार तिथंच संपेल. भिंगारमध्ये बसून असलं दुसरं काम मिळणार नव्हतं. म्हणजे पुन्हा पुणं, पुन्हा चौघींत एक खोली, आणि आईवडिलांच्या वाट्याला महिन्यातला एक रविवार.

"तू लिहिलेलं तो एजंट वाचतो तरी का?" वैजनाथरावांनी सहज विचारलं.

"वाचतो ना अण्णा. प्रत्येक शब्द."

"शेवटपर्यंत?"

"दर प्रश्नाला नव्यानं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिंबापर्यंत."

वैजनाथरावांनी हातातला कप खाली ठेवला. आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "दाखव काय लिहिलंयस."

धनश्रीनं लिहिलं होतं, 'शक्यतो साधनाचा वापर करावा, त्यामुळे उत्तर अचूक येण्यास मदत होईल.'

"शक्यतो?" वैजनाथरावांना अंगावर पाल पडल्यासारखं झालं. "शक्यतो लिहिलंस की कारभार आटोपला. उद्या तू मला म्हणालीस, अण्णा शक्यतो दळण आणा, तर मी जाईन का?"

त्या दुपारी त्यांनी सहा ओळी लिहिल्या. 'कॉर्डचे नाव स्वतःच्या मनाने सांगू नये. प्रथम साधनास विचारावे. साधन जे सांगेल तेच सांगावे, पदरचे घालू नये.' शिवाय एक तक्ता दिला, कारण आपल्याकडचे पेटीवाले सी आणि डी म्हणत नाहीत, ते काळी एक, पांढरी चार असं पट्टीचं नाव घेतात. काळी एक म्हणजे सी-शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, असं सगळं ओळीनं. वैजनाथरावांनी आयुष्यात एक सूर वाजवला नव्हता, पण मेसमधल्या डान्स बँडसाठी हजारो कॉर्ड हातानं उतरवून काढल्या होत्या, त्यामुळं कागदावरचं संगीत त्यांना तोंडपाठ होतं.

धनश्रीनं त्या ओळी चढवल्या आणि विचारलं, "काळी एक, पांढरी चार, काळी चार." एजंट मुकाट्यानं साधनाकडं गेला, आला आणि म्हणाला, "सी-शार्प मेजर." बरोबर. तिनं दुसरं विचारलं, तेही बरोबर. ती खुर्चीतून उठून अण्णांच्या गळ्यातच पडली. वैजनाथरावांचं लक्ष मात्र पडद्याकडं होतं. कुणीतरी त्यांची सूचना वाचली होती आणि जशीच्या तशी पाळली होती. त्यांना भरून आलं, आणि ते चष्मा पुसायच्या निमित्तानं आत गेले.

इथं ते थांबले असते तर मी पुढं काही सांगितलंच नसतं. पण चौतीस वर्षांचा उपाशी माणूस सहा घासांवर थोडाच उठतो! मंगळवारी त्यांनी नऊ कलमं वाढवली, बुधवारी वीस. धनश्री कामाच्या दुसऱ्या भागात गुंतली होती, आणि पहिल्या सहा ओळींनी तिचा एवढा विश्वास बसला होता की अण्णा देतील ते ती न वाचता चढवत गेली. गुरुवारी सकाळी कलमांचा आकडा एक्केचाळीसवर गेला.

गुरुवारी चारच्या सुमाराला कानिफनाथ आला. हा मालनबाईंचा भाचा, राहात्याचा, बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. नगरला लग्नाची वरात होती, टेम्पो भिंगारच्या वेशीपाशी लावून तो आत्याकडं चहाला आला होता. धनश्रीला वाटलं, खरा वाजवणारा माणूस आयता घरात आलाय, त्यालाच विचारायला लावू.

कानिफनाथनं मोबाईल तोंडाशी धरला. "काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच. सांग गड्या, काय व्हतंय?"

एजंट म्हणाला, "आपला प्रश्न प्राप्त झाला. सदर सूर एकाच वेळी वाजविले किंवा कसे, याचा खुलासा करावा."

"एकदमच की रं."

"खुलासा प्राप्त झाला. सदर वाद्य आपल्या ताब्यात कधीपासून आहे आणि ते सुस्थितीत असल्याबाबत आपले म्हणणे काय?"

कानिफनाथनं धनश्रीकडं पाहिलं. "ताई, ह्यो माजा कीबोर्ड जप्त करतोय काय?"

"सांग त्याला काहीतरी," धनश्री पुटपुटली. तिचा चेहरा उतरत चालला होता.

"सुस्थितीत हाय बाबा. तीन वर्सं झाली."

"नोंद घेतली. आपण यापूर्वी हाच प्रश्न अन्यत्र विचारला असल्यास त्याचा तपशील जोडावा. तपशिलाअभावी प्रकरण विचाराधीन ठेवण्यात येत आहे."

कानिफनाथ पोट धरून हसायला लागला. "मामा, ह्यो तर सोळा आनं तुमीच! लगीन लागून नवरी नांदायला जाईस्तोवर ह्याची एक कॉर्ड निघायची न्हाई." तो चहा पिऊन हसत हसत टेम्पोकडं गेला. मालनबाई पदराखाली हसत होत्या. धनश्री हसली नाही.

"अण्णा, एक्केचाळीस कलमं?"

"प्रत्येकाला कारण आहे. सुस्थितीचं कलम घे. एक्क्याण्णव साली एकानं फुटलेला बिगुल..."

"अण्णा, उद्या माझी नोकरी जाईल."

ती एवढंच म्हणाली आणि आत जाऊन पडली. वैजनाथराव एकटेच पडद्यासमोर राहिले. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच प्रश्न टाकला, अगदी सोपा, तीन सुरांचा. एजंटनं खुलासा मागितला. त्यांनी दिला. एजंटनं आणखी एक मागितला. तिसऱ्या वेळी वैजनाथराव त्याच्यावर ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांना हनुमंत हवालदार आठवला. क्लॅरिनेटच्या तोंडाची फुंकायची पट्टी तडकली म्हणून नवी मागायला तो तीनदा भांडारात आला होता, आणि तिन्ही वेळा अर्जात काहीतरी कमी निघालं म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं होतं. शेवटी त्यानं तडकलेल्या पट्टीवरच संचलनात वाजवलं. क्लॅरिनेट कोंबडीसारखी ओरडली, आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली ती हनुमंतनं. त्या दिवशी वैजनाथरावांना वाटलं होतं, नियमानं वागलं नाही की असंच व्हायचं. आज त्यांना त्याची लाज वाटली. लोक आपलं वाचत नव्हते, ह्याचं दुःख त्यांनी चौतीस वर्षं केलं. ज्यांना वाचावंच लागलं त्यांचं काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मग ते खोडायला बसले. आपल्या हातानं लिहिलेलं खोडणं म्हणजे काय असतं ते ज्यानं लिहिलंय त्यालाच कळेल. मालनबाई येऊन शेजारी बसल्या आणि प्रत्येक कलमाला म्हणायच्या, "ह्ये ऱ्हायलं तर कुनाचं काय अडतंय?" तासाभरात एक्केचाळीसाच्या दहा ओळी झाल्या. धनश्रीनं उठून त्या तपासल्या, दहा-बारा प्रश्न विचारून पाहिले, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

एक कलम मात्र वैजनाथरावांच्यानं सुटेना. कलम सव्वीस. 'दुपारी एक ते दोन भोजनाची सुट्टी राहील.' अख्ख्या नोकरीत त्यांची हीच एक सूचना सगळ्या पलटणीनं न चुकता पाळली होती. रात्री त्यांनी ते खोडलं, पण सकाळी धनश्री आंघोळीला गेली तेवढ्यात फाईल उघडून अकरावी ओळ म्हणून परत घातलं. चाचणी अकराला होती. दहा प्रश्नांना असा किती वेळ लागणार? बाराच्या आत सगळं उरकेल, असा त्यांचा हिशेब होता.

अकराला ओम आला नाही. साडेअकराला त्याचा निरोप आला, मीटिंग लांबली. बारा झाले. वैजनाथराव दिवाणावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. दोनदा ते धनश्रीपाशी गेले आणि तिचा चेहरा बघून परत आले. साडेबाराला ओम पडद्यावर उगवला, डोळे लाल, हातात बिस्किटाचा पुडा. "सॉरी धनश्री. आणि एक, फाईल आता कुलूपबंद केलीय. चाचणी संपेपर्यंत एक अक्षर बदललं तरी चाचणी बाद."

झालं! वैजनाथरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

पहिला प्रश्न, बरोबर. दुसरा, बरोबर. ओम प्रत्येक उत्तर ताडून बघायचा, वहीत खूण करायचा, मधेच बिस्किट खायचा. वैजनाथरावांना वाटत होतं त्याच्या हातातून तो पुडा ओढून घ्यावा. पाचवा चुकला. एकला तीन मिनिटं कमी असताना सात प्रश्न झाले होते, सहा बरोबर होते. तिनातले दोन यायला हवे होते. ओमला तेवढ्यात एक फोन आला. तो चार मिनिटं बोलला. मग त्यानं आठवा प्रश्न विचारला, "सी, ई, जी आणि ए."

एजंट म्हणाला, "दुपारी एक ते दोन भोजनाची सुट्टी आहे. कृपया दोन वाजता यावे."

धनश्रीचा हात तोंडाशी गेला. ओमनं पडद्याजवळ डोकं आणलं. "हे काय आहे?"

वैजनाथराव उठून कॅमेऱ्यापुढं आले. हात आपोआप सरळ झाले होते. "साहेब, ही ओळ हिची नाही. हिनं तपासून दिल्यावर मी घातली, हिला न सांगता. चूक माझी आहे. हिला काही बोलू नका."

"काका, तुमचं खरं असेल. पण उत्तर आलं नाही म्हणजे मला नापास लिहावं लागेल."

आणि इथं वैजनाथरावांची चौतीस वर्षं कामाला आली. "नापास कसं लिहाल? त्यानं नकार दिलेला नाही, चुकीचं सांगितलेलं नाही. त्यानं वेळ दिलीय. दिलेली वेळ टळून जाईपर्यंत प्रकरण निकालात काढता येत नाही. तुमच्या नियमात उत्तर किती वेळात यावं असं कुठं लिहिलंय?"

ओमनं नियम काढले. वरपासून खालपर्यंत वाचले. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

"तुम्ही लिहायला हवं होतं," वैजनाथराव अगदी कळवळून म्हणाले.

ओमनं बिस्किटाचा पुडा बाजूला ठेवला. "ठीक आहे. दोनला भेटू." पडदा काळा झाला.

धनश्री बापाकडं बघतही नव्हती. मालनबाईंनी हुलग्याची शेंगोळी केली होती, आणि घरात काहीही कोसळलं तरी शेंगोळी गरम खायची असतात, असं त्यांचं मत होतं. त्यांनी तीन ताटं वाढली आणि लेकीला हाताला धरून आणून बसवलं.

"का ठेवलीत ती ओळ?" शेवटी धनश्रीनं विचारलं. "सांगा ना. सगळं सोडलंत, मग तीच का?"

वैजनाथरावांनी घास ताटातच ठेवला. "आठ महिने झाले, तू त्या टेबलावर जेवतेस. एक हात त्या बटणांवर. तुझी आई तीनदा हाक मारते, तू आलेच म्हणतेस, आणि चार वाजता ती गार ताट उचलून नेते. मी दहा वेळा सांगितलं. माझं तू ऐकत नाहीस. म्हटलं, तो ऐकतो. तो एक वाजता थांबला तर तूही उठशील."

धनश्रीनं डोळे पुसले, आईपुढं वाटी केली आणि म्हणाली, "वाढ अजून." मालनबाईंनी वाढलं. तिनं तीन वाट्या शेंगोळी खाल्ली, गरम, दोन्ही हात रिकामे ठेवून.

दोन वाजले. ओम आला. एजंटही आला, ठोक्याला, आणि कुणी न विचारता म्हणाला, "आपल्या आठव्या प्रश्नाबाबत. हे चार सूर दोन नावांनी ओळखले जातात. सर्वात खालचा सूर सी असल्यास सी सिक्स्थ, ए असल्यास ए मायनर सेव्हन्थ. आपला खालचा सूर कोणता?"

"ए," ओम म्हणाला.

"तर ए मायनर सेव्हन्थ." बरोबर. सात झाले.

नववा चुकला. धनश्रीनं टेबलाची कड घट्ट धरली. दहावा प्रश्न ओमनं मुद्दाम पेटीवाल्याच्या भाषेत विचारला, "पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी सहा." एजंट साधनाकडं गेला. वैजनाथरावांनी मनातल्या मनात तक्ता म्हटला, डी, एफ, ए.

"डी मायनर."

ओमनं वहीत खूण केली, खुणा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "आठ. काम तुमच्याकडंच राहील धनश्री. ती अकरावी ओळ तेवढी आजच्या आज काढा." धनश्रीनं रडतच मान हलवली. मालनबाई दारातून म्हणाल्या, "झालं ना समदं? मग रडतीस कशापायी?" आणि स्वतःच रडायला लागल्या.

ओम गेला नाही. तो जरा घुटमळला. "काका, एक विचारू? आमच्या ऑफिसात पंचवीस माणसं आहेत, एकही वेळेवर जेवायला उठत नाही. मीही नाही. आज कितीतरी दिवसांनी खाली जाऊन गरम जेवलो. ती ओळ मी मोठ्या अक्षरात छापून इथं भिंतीवर लावू का? खाली तुमचं नाव घालतो."

वैजनाथराव ताठ झाले. पुण्याची भिंत, मोठी अक्षरं, खाली नाव. मग त्यांनी शेजारी बसलेल्या धनश्रीकडं पाहिलं आणि मान हलवली.

"लावू नका. एक वाजला की तुम्ही स्वतः उठा, आणि एकेकाला नावानं हाक मारा. आला नाही तर हाताला धरा."

"थांबा, लिहून घेतो," ओम म्हणाला आणि पेन शोधायला लागला.

"लिहून कशाला घेता?" वैजनाथराव म्हणाले. "हाक मारा."